दार बंद, दिवा हिरवा

माझं लिखाण माणसं वाचत नाहीत. हे रडगाणं नव्हे, नोकरीच तशी आहे. ठाण्यातली एक लहानशी कंपनी घरांसाठी डॅशबोर्ड बनवायचं टूल तयार करते. डॅशबोर्ड म्हणजे फोनवर दिसणारी पाटी. घराचं दार उघडं की बंद, गॅस गळतोय का, आत कुणी हिंडतंय का, सगळं चौकोनांत मांडलेलं. पूर्वी ही पाटी इंजिनियर बसून मांडायचा. आता एआय एजंट मांडतो. घरमालकाने साध्या भाषेत सांगायचं, मला अमुक बघायचंय, की एजंट आमचं टूल वापरतो आणि हा हा म्हणता पाटी तयार होते. पण टूल कसं वापरायचं, कुठल्या गोष्टीला कुठला रंग द्यायचा, हे त्याला कुठून कळणार? ते मी लिहून ठेवलेलं असतं. थोडक्यात, मी मास्तरीण आहे आणि माझ्या वर्गात एकही माणूस नाही.

आधी मी माणसांसाठी लिहायचे. मिक्सर, वॉशिंग मशीन, गीझर यांची माहितीपुस्तकं. तीही कुणी वाचत नसे, ते वेगळं. पण माणसासाठी लिहिताना थोडं सैल लिहून चालतं. 'साधारणपणे', 'शक्यतो', 'आपल्या सोयीनुसार' असं घातलं की लेखणी पुढे सरकते. एजंटपुढे हे चालत नाही. आमचा टीम लीड माझ्याहून बराच लहान, तोंडाने गोड आणि कामात हट्टी. पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "मॅम, ते 'शक्यतो' काढा ना. एजंट कन्फ्यूज होतो. हिरवं कधी, लाल कधी, एवढंच क्लिअर सांगा. बास." मी काढलं. मला ते आवडलंही. आयुष्यभर 'बघू', 'जमलं तर', 'होईल गं' ऐकून माझे कान किटले होते. मी सांगेन ते तसंच्या तसं ऐकणारं कुणीतरी एकदाचं भेटलं होतं.

दारासाठी मी लिहिलं: दार बंद असेल तर हिरवा, उघडं राहिलं तर लाल. लिहिताना क्षणभरही अडखळले नाही. मी डोंबिवलीत मानपाड्याला राहते, नवव्या मजल्यावर. आमच्या मजल्यावरची सगळी दारं कायम बंद असतात. समोर कोण राहतं हे मला बाहेरच्या चपलांवरून कळतं. दार उघडं राहिलं म्हणजे काहीतरी चुकलं, यात विचार करण्यासारखं काय होतं?

पण माझं माहेर कोपरीला, खाडीच्या अंगाच्या आमच्या जुन्या वस्तीत. आम्ही कोळी. बाबांची होडी विकून जमाना झाला, बाबाही गेले, पण आई अजून बाजारात बोंबील घेताना अशी बोलते की जणू आपली होडी आत्ताच बंदराला लागली आहे. बैठं घर, पुढे ओटा, ओट्यावर पाय पसरून बसायची जागा. सकाळी उठल्यावर आई पहिलं काम दार उघडण्याचं करते, चहाचं नंतर. ते दार रात्री झोपतानाच लागतं. मधल्या वेळात शेजारची काकी येते, काकीच्या सुना येतात, चक्कीवाला दळणाचा डबा आणून ठेवतो, पत्ता विचारणारे डोकावतात आणि मांजर तर स्वतःचंच घर असल्यासारखं आतबाहेर करतं. आमच्या गल्लीत दिवसाढवळ्या दार बंद दिसलं तर त्याचा एकच अर्थ, घरात माणूस नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी त्याच घरात वाढले.

गेल्या वर्षी आईला दोनदा चक्कर आली आणि मी तिच्यामागे टुमणं लावलं, की मानपाड्याला चल. ती बधेना. "तुज्याकडं येऊन काय करू? लिफ्टचा आवाज ऐकत बसू?" मी चिडले, रडले, बोलणं टाकून बघितलं. शेवटी तोडगा निघाला तो माझ्याच कामातून. कंपनीला टूलची परीक्षा घ्यायला एक खरं घर हवं होतं. मी आईचं सुचवलं. दारावर एक सेन्सर, स्वयंपाकघरात हालचाल टिपणारा एक, गॅसजवळ एक. दाराला नवं लॅचचं कुलूपही बसवलं. आई त्या सेन्सरना डब्या म्हणायची. "लाव काय डब्या लावायच्या त्या. पन मी हितंच ऱ्हानार." आमच्यात ठरलं की पाटीवर सगळं ठीक दिसतंय तोवर मी घर सोडायचा विषय काढायचा नाही. तिचं घर त्या चौकोनांवर टांगलेलं होतं, हे तिला पुरतं कळत होतं.

एजंटने पाटी छान मांडली. माझं लिखाण वाचून, अक्षर न अक्षर पाळून. आणि पहिल्याच सकाळी दाराचा चौकोन लाल झाला तो रात्रीपर्यंत लालच. दुसऱ्या दिवशी तेच. मी फोन करायचे.

"आई, दार उघडं आहे."

"हाय ना. उघडंच असतं."

"अगं, इथं लाल दिसतंय."

"मंग दिसू दे. लाल बघून तुजा डोला दुखतंय क?"

मी फोन आपटायचे. तिच्या दारापुरतं उलटं धर, असं एजंटला सांगणं म्हणजे एका वाक्याचं काम होतं. पण लीडने त्याला हात लावू दिला नाही. हीच पाटी गिऱ्हाइकांना दाखवायची होती. माणसाने बोटही न लावता, नुसतं लिखाण वाचून एजंट काय करू शकतो, हा आमच्या मालाचा मुख्य गुण. त्याला ठिगळ लावून कसं चालेल? आणि मलाही मनातून ते पटलं होतं. लिहिलेलं बरोबर होतं. आई ऐकत नव्हती. मग चूक कुणाची?

घोडबंदरच्या बाजूला मोठ्या इमारती उभारणारा एक बिल्डर आमचं टूल बघणार होता. त्याच्या आदल्या दिवशी लीडचा फोन आला. "मॅम, ते एक लाल खूप खटकतं यार. क्लायंटने बघितलं की आधी तेच विचारणार. काकूंना सांगा ना, उद्या सकाळी तेवढं दार लावून घ्या. मीटिंगपुरतं." मी लगेच आईला फोन लावला. इतक्या तत्परतेने मी तिची औषधं कधी विचारली नव्हती.

"कवापर्यंत?" तिने विचारलं.

"मीटिंग झाली की मीच फोन करते. मग उघड."

"काकी वसईकडं लग्नाला चाललीय. सगली गल्लीच चाललीय, बस केलीय. मना पन बोलवलंय. पाय बरा वाटला तर जाईन मी."

"गेलीस तर चांगलंच," मी म्हणाले. "म्हणजे दार बंदच राहील."

ती हसली. म्हणाली, बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरूनच मीटिंगला बसले. लीडने पडद्यावर आईची पाटी उघडली. दार हिरवं. गॅस हिरवा. स्वयंपाकघरात हालचाल, हिरवी. लीडचा आवाज नुसता उड्या मारत होता. "हे खरं घर आहे सर, ठाण्यातलं. लाइव्ह. सीनियर सिटीझन एकट्या राहतात. बघा, माणूस घरात आहे, दार बंद आहे, सगळं सेफ." बिल्डर फार बोलणारा माणूस नव्हता, पण 'हे बरं आहे' एवढं दोनदा म्हणाला. त्या पाटीचं मी कौतुकाने चित्र टिपून ठेवलं. इतक्या आठवड्यांत ती पहिल्यांदा पूर्ण हिरवी झाली होती. शाबासकी मिळालेल्या पोरीसारखा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

मीटिंग संपल्यावर मी आईला फोन लावला. वाजून वाजून थांबला. लग्नाला गेली असणार, बँडबाजात काय ऐकू येतंय, असं म्हणून मी ठेवून दिला. लीडला संध्याकाळच्या आत लिखाणाचा एक नवा भाग हवा होता, बिल्डरने तो मागितला होता. मी जेवले. भांडी सिंकमध्ये टाकून पुन्हा लॅपटॉपपुढे बसले.

नवा भाग होता दोन चौकोन एकत्र कसे वाचायचे याचा. एक चौकोन एक गोष्ट सांगतो, दुसरा दुसरी, दोन्ही मिळून काय अर्थ निघतो ते एजंटला कळायला हवं. मी लिहीत गेले. दार बंद आणि आत हालचाल नाही: घरात कोणी नाही. दार बंद आणि आत हालचाल आहे: माणूस घरात आहे आणि सुरक्षित आहे. उदाहरण म्हणून आईच्या पाटीचं ताजं चित्र घालावं म्हणून मी ती उघडली. दार बंद. हालचाल आहे, स्वयंपाकघरात, आत्ताच.

मी लिहायची थांबले. आई लग्नाला गेली असेल तर स्वयंपाकघरात कोण हिंडतंय? आणि घरात असेल तर फोन का उचलत नाही? मीटिंग होऊन बराच वेळ झाला होता. दिवसा दार लावून, कुणाशी न बोलता घरात बसणारी बाई नव्हे ती. दोन्ही चौकोन हिरवे होते. दुसऱ्या कुठल्याही घरात ते एकत्र खरे असू शकले असते, आमच्या घरात नाही.

मी पुन्हा फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मनात नको ते यायला लागलं. कुणी घरात शिरलं असेल का? आत हिंडणारं माणूस आई नसेलच तर? मधेच लीडचा फोन आला तो मी कापला. काकीला लावला, लागेना. परत लावला, परत, परत. शेवटी तिने उचलला तेव्हा मागे बँड असा वाजत होता की मला ओरडावं लागलं.

"काकी, आई आहे का तुझ्याबरोबर?"

"नाय गो. ती नाय आली. पाय सुजलाय बोलली. सकालीच बोलली, मी घरीच हाय, तुमी जा. पोरीच्या मीटिंगपुरतं दार लावते."

"काकी, दार बंद आहे तिचं."

बँडच्या आवाजात काकीने मला ते पुन्हा सांगायला लावलं.

"दिवसाचं बंद?" ती म्हणाली. "अजून?"

तिने दुसरं काही विचारलं नाही. म्हणाली, घराची दुसरी चावी माझ्या खिडकीत, जाळ्याच्या मागं टांगलीय, कोनाला तरी धाड. कुणाला धाडणार? मला आईच्या घराचा गॅस इथे बसून दिसत होता, पण गल्लीतल्या एका माणसाचा नंबर माझ्याकडे नव्हता. चक्कीवाल्याचाही नाही. काकीकडे गल्लीतल्या सगळ्यांचे नंबर होते आणि ते सगळे तिच्याबरोबर मांडवात होते. "मी बघते कोन मिलतो तो," म्हणून तिने फोन ठेवला.

कळव्याजवळ सिग्नल बिघडून लोकल गाड्या रखडल्या होत्या, म्हणून मी टॅक्सी बोलावली. मानपाड्याहून शीळफाट्यापर्यंत रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब, दोन्ही बाजूंना पत्रे, आणि त्यातून रांगणारे ट्रक. ड्रायव्हरला मी तीन वेळा विचारलं, दुसरा रस्ता नाही का? तो बिचारा दर वेळी नाही म्हणाला. पुढे बायपासला लागलो तर तिथे कंटेनर बंद पडलेला. हातात फोन, फोनवर पाटी. हिरवी, हिरवी, हिरवी. मधून मधून हालचालीचा चौकोन नव्याने उजळायचा आणि दर वेळी मी आईचा नंबर पुन्हा लावायचे. तिथे काहीतरी हलत होतं आणि ते आईच आहे की नाही हे मला ती पाटी सांगू शकत नव्हती. मी तिला तसं शिकवलंच नव्हतं. हालचाल म्हणजे माणूस, हेही मीच लिहिलेलं.

लीडचा पुन्हा फोन आला. "मॅम, तो सेक्शन झाला का? क्लायंट खूश आहे एकदम. सगळं ग्रीन..." मी त्याला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याचा काही दोष नव्हता. पण त्या क्षणी 'ग्रीन' हा शब्द कुणीही उच्चारला असता तरी मी तेच बोलले असते.

खारेगावच्या जरा अलीकडे आम्ही पुन्हा अडकलो. मी पाटीकडे बघत होते. आणि दाराचा चौकोन लाल झाला.

माझ्या डोळ्यांसमोर झाला. दार उघडं, असं त्याखाली आलं. इतके आठवडे मी त्या लाल रंगाशी भांडले होते आणि आता तो बघून मला हुंदका फुटला. कुणीतरी दार उघडलं होतं. आतून की बाहेरून, ते कळायला मार्ग नव्हता. मग हालचालीचा चौकोन सारखा उजळायला लागला, थांबेचना. म्हणजे आत एकाहून जास्त माणसं होती. ड्रायव्हर आरशातून बघत होता. "सगळं ठीक आहे ना मॅडम?" त्याने विचारलं. मी म्हणाले, माहीत नाही.

मग काकीचा फोन आला. मागे बँड नव्हता, ती मांडवाबाहेर आली असावी. "चक्कीवाला भेटला गो. माज्या पोराच्या फोनात त्याचा नंबर होता. तो गेला, चावी घेतली. पडलीय ती मोरीजवल. शुद्धीवर हाय. बोलतंय. तू ये." मी 'बरं' म्हणाले. मग खारेगावपासून कोपरीपर्यंत तोंडाला पदर लावल्यासारखी ओढणी लावून रडले, आणि ड्रायव्हरने रेडिओ बंद केला.

गल्लीत शिरले तर आमचं दार सताड उघडं होतं आणि ओट्यावर चक्कीवरून धावत आलेली चार-पाच माणसं. त्यांच्या पायांमधून मांजर बाहेर आलं आणि ओट्याच्या कडेला जाऊन बसलं. सकाळी आईने दार लावलं तेव्हा ते आत कोंडलं गेलं होतं. स्वयंपाकघरात दिवसभर हिंडत होतं ते. त्यालाच मी आणि बिल्डर आणि लीड माणूस समजत होतो.

आई मोरीच्या उंबऱ्याशी कुशीवर पडली होती. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत हलवू नका, असं कुणीतरी शहाण्याने सांगितलेलं. डोक्याखाली उशी, ओठ कोरडे पडलेले. मी खाली बसले आणि तिचा हात धरला. तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता रागवेल, किंवा रडेल.

"झाली क तुजी मीटिंग?" ती म्हणाली.

"झाली."

"तुजा फोन वाजत होता. मना कललं, तूच हायस. उटता नाय आलं." ती थांबली, जीभ ओठांवरून फिरवली. "तवा बोलले, दार तरी बंद हाय. लाल नाय दिसला ना तुना?"

मी नाही म्हणाले.

चक्कीवाला दारात उभा होता. हाताच्या केसांत पीठ, चेहरा पार उतरलेला. "मी आलेलो सकाळी," तो मला सांगायला लागला, आणि नंतरही भेटेल त्या प्रत्येकाला तेच सांगत होता. "दळण घेऊन आलेलो. डबा ओट्यावर ठेवला पण. मग दार बघितलं बंद, वाटलं लग्नाला गेल्या. कुत्रं तोंड घालेल म्हणून डबा परत नेला." आईने आतून त्याचा डबा ठेवल्याचा आवाज ऐकला होता. तिने हाका मारल्या होत्या. वर पंखा, मध्ये दार, आणि चक्कीजवळ आयुष्य काढून त्याचे कान तसेही अर्धेच उरलेले. दार उघडं असतं तर त्याने नेहमीसारखा डबा आत नेऊन ठेवला असता.

त्याने 'लग्नाला गेल्या' असं समजणं बरोबर होतं. गल्लीची रीत त्याला पक्की ठाऊक होती. दाराने त्याला खोटं सांगितलं, आणि ते मी सांगायला लावलं होतं.

ठाण्यातच तिला दवाखान्यात दाखल केलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन करावं लागेल, वय बघता धोका आहे, सह्या करा, असं सगळं झालं. लीड संध्याकाळी आला. मी बोलले होते त्याबद्दल काही बोलला नाही. माझ्यासाठी चहा आणला आणि माझ्या शेजारी बाकावर बसून राहिला. मग म्हणाला, "मॅम, मीच सांगितलेलं ना, दार लावायला." मी म्हणाले, तू मला सांगितलंस, आईला मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन चालू असताना वाट बघणं मला जमेना. मी लॅपटॉप उघडला. बघणाऱ्यांना वाटलं असेल, काय बाई आहे, आई आत आणि ही काम करतेय. मी दाराबद्दलचं वाक्य शोधून खोडलं. त्या जागी लिहिलं: दाराचा रंग स्वतः ठरवू नका. त्या घरात राहणाऱ्या माणसाला आधी विचारा, तुमच्याकडे दार कसं असलं म्हणजे सगळं ठीक असतं? उत्तर मिळेपर्यंत हिरवा दाखवू नका. मग हालचालीचं वाक्य काढलं. हालचाल म्हणजे हालचाल, माणूस नव्हे, असं लिहिलं. लीड पुन्हा आला होता, त्याने शेजारून वाचलं. "एजंटने लोकांना विचारत बसायचं?" तो म्हणाला. "क्लायंटला वाटेल आपलं टूल अर्धवट आहे." मी त्याच्याकडे बघितलं. "ठेवा," तो म्हणाला.

आई ऑपरेशनमधून नीट बाहेर आली. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण वेळ लागेल, आणि काही महिने एकटं राहायचं नाही. मी तर त्याही पुढचं ठरवून बसले होते. आता कोपरी बंद. पाटीवर सगळं ठीक दिसेल तोवर, असं आमचं ठरलं होतं ना? झालं मग. तिची खोली कुठली, पलंग कुठल्या भिंतीला, मोरीत धरायला दांडा, सगळं मी मनात लावून टाकलं होतं. दोन दिवसांनी सकाळी ती उशीला टेकून बसली तेव्हा मी सांगून टाकलं.

"आता मानपाड्यालाच यायचं. कायमचं. मी ऐकणार नाही."

तिने चहाचा कप बाजूला ठेवला. माझ्या हातातल्या फोनकडे बघत होती.

"घरी काय दिसतंय बघ," ती म्हणाली.

मी पाटी उघडली आणि तिच्यापुढे धरली. दाराचा चौकोन लाल होता. काकी लग्नाहून त्याच दिवशी अर्ध्यातून परतली होती आणि तेव्हापासून रोज सकाळी येऊन आमचं दार उघडत होती. मांजराला घालायला, असं म्हणायची. मांजराला ओट्यावरही घालता आलं असतं.

"लाल हाय," आई म्हणाली.

"हो. काकीने उघडलंय."

तिने फोन स्वतःच्या हातात घेतला. चष्मा नव्हता, तरी डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिली. चक्कीवाल्याने दळण आणून दिलं का, असं विचारलं. मी म्हणाले, दिलं असेल.

"तुज्याकडं दार बंद असतं ना गो दिवसभर?"

"असतं. पण मी असते ना घरी. माझं लक्ष असेल तुझ्यावर."

"लक्ष तर त्या दिवशी पन होतं तुजं," ती म्हणाली.

टोमणा नव्हता तो. टोमणा कसा मारायचा हे तिला चांगलं येतं, मी लहानपणापासून ऐकत आलेय. हे तिने साधंच म्हटलं, जे झालं ते. आणि मला जागच्या जागी कळलं की मी तिला नवव्या मजल्यावर नेऊन, दार लावून, रोज हिरवं बघणार होते. मला फार राग आला. कुणाचा ते कळेना, म्हणून मी तिच्या पायावरची चादर उगाचच नीट केली.

"चालायला लागेपर्यंत माझ्याकडे," मी शेवटी म्हणाले. "मग तुझ्या घरी सोडते. काकीला रात्रीची झोपायला बोलावू. आणि दार उघडंच ठेवायचं."

"मी कदी बंद ठेवलं?" आई म्हणाली, आणि मग तिला आठवलं, आणि तिने मान वळवली.

थोड्या वेळाने तिला डोळा लागला. फोन तिच्या हातातच होता आणि त्याचा उजेड आपोआप मालवला होता. मी तो हळूच काढून घेतला आणि पुन्हा चालू करून बघितला. दार अजून उघडं होतं.